भागीआजीच्या कोंबड्या आणि गडग्यावरचं रानमांजर

"गार्ड, वाघ आलाय." नोकरीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी फोन कानाला लावायच्या आधीच मी बूट शोधायला लागायचो. आणि खरं सांगतो, दहातल्या सात-आठ वेळा तो वाघ नसायचा. बिबट्याही नसायचा. रानमांजर असायचं.

मी वनरक्षक होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत फॉरेस्टचा गार्ड. गाव माझं नाटे, राजापूर तालुक्यातलं. आमचं घर मच्छीमाराचं. बाप होडीवर, दोघे भाऊ कुवेतला, आणि मी एकटा शहाणा निघालो डोंगरात. बापाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. दर्याकाठचा माणूस झाडं राखायला गेला, हे तो लोकांना लाजत सांगायचा. नोकरीतली बरीच वर्षं मंडणगडच्या बाजूला गेली. बायकोमुलं नाट्याला, मी तिकडे एका खोलीत. सकाळी भाकरी बांधून निघायचं आणि नेमून दिलेलं जंगल फिरायचं, एवढंच काम. सबंध दिवसात माणूस भेटला नाही तर कधी कधी स्वतःशीच मोठ्यानं बोलायचो, आवाज शाबूत आहे ना हे बघायला.

तर रानमांजर. आपल्या घरच्या मांजरापेक्षा थोराड, पाय लांब, अंग मातकट, कानांच्या टोकाला काळे केस आणि आखूड शेपटीवर दोन-चार काळी वळी. ठिपकेवाली छोटी असते ती वाघाटी, ती वेगळी. रानमांजर माणसावर येत नाही. कोपऱ्यात धरलंत तर फुसकारेल, ओरबाडेल, पण मोकळी वाट दिलीत की आपल्या वाटेनं जाईल. बरं, राहतं कुठं? तर आपल्याच आजूबाजूला. काजूच्या बागेत, गवतात, पेंढ्याच्या उडवीपाशी. कारण आपण भात साठवतो, भाताला उंदीर येतात आणि उंदरांना हे. वर्षाला शेकड्यानं उंदीर मारील, त्याचा कोणी हार घालून सत्कार करत नाही. एक कोंबडी नेली की गाव काठ्या घेऊन उठतं.

एकदा आंजर्ल्याच्या बाजूच्या एका बंगलेवाल्यानं मला तातडीनं बोलावलं. आखातातून परतलेला सज्जन माणूस, चारी बाजूंना कॅमेरे लावलेले. कॅमेऱ्यात बिबट्या दिसला म्हणून घरातली माणसं दोन दिवस अंगणात उतरली नव्हती. मी चित्र बघितलं. तो बिबट्या त्यांच्या तुळशीच्या कुंडीशेजारून चालला होता आणि कुंडी त्याच्याहून उंच होती. मी म्हटलं, शेठ, कुंडी मोजा. ते ओशाळले, पण चहा मात्र झकास पाजला. त्यांच्या मागीलदारी मासळीची आतडी टाकायची जागा होती. ती बंद करा म्हटलं, मांजर येणार नाही. पुढं त्यांचा फोन आला नाही, म्हणजे ऐकलं असावं.

हे असले किस्से मी पुष्कळ सांगतो आणि लोक हसतात. भागीआजीचा मात्र मी आजवर कोणाला नीट सांगितला नाही.

मंडणगडच्या पुढं एका डोंगराच्या पोटात ती वाडी. घरं अकरा, त्यातली दहा कुलपात. माणसं सगळी मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार, तेव्हा वाडी भरणार आणि मग पुन्हा कुलपं. अकराव्या घरात भागीआजी. वय सत्तरीच्या पुढं, कान तिखट, गुडघे गेलेले. खालच्या वाडीत थोडी वस्ती होती, पण तिथं जायचं तर जांभ्या दगडांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, दहा-पंधरा मिनिटं उतरायची. चढायला तिला अर्धा तास.

कार्तिकात खालच्या वाडीतल्या एकाचा फोन आला. वाघ आलाय, म्हातारीच्या कोंबड्या खातोय. गेलो. आजी पडवीत वाल सोलत बसली होती. तिला काही घाई नव्हती. म्हणाली, बस, पाणी पी, वाघ काय आता बसलेला नाय.

आमच्या कामात पहिली गोष्ट म्हणजे जमिनीकडं बघायचं, माणसाकडं नंतर. माणूस घाबरलेला असतो, जमीन घाबरत नाही. मुंगूस कोंबडीचं डोकं आणि मान फोडतं आणि उरलेलं तिथंच टाकतं. कोल्हा सगळीच उचलतो. रानमांजर थोडं बाजूला नेऊन पिसं उपटतं, मग खातं. न्हाणीच्या सांडपाण्यावर ओल होती, तिथं गोल पाऊल उठलं होतं, नखं नाहीत, माझ्या अंगठ्यानं झाकावं एवढंच. आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडं पिसांचा ढीग. मी आजीला म्हटलं, वाघबिघ काही नाही, रानमांजर आहे, तुम्ही निर्धास्त राहा.

ती म्हणाली, "वाघ असता तर बरं होतं. त्यानं मला नेली असती. ह्यो माझ्या कोंबड्या नेतोय."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण ती थट्टा करत नव्हती. तिचा मुलगा दत्ताराम नालासोपाऱ्याला. चांगला मुलगा, आईवर जीव. दर गणपतीला आणि दर शिमग्याला तो तिला न्यायला यायचा, पिशव्या भरायचा, आणि दर वेळी ती म्हणायची, मी आले तर कोंबड्या कोण बघणार? चौदा कोंबड्या घेऊन काही चौथ्या मजल्यावर जाता येत नाही. असं तिनं सहा-सात वर्षं रेटलं होतं. आता चौदाच्या नऊ झाल्या होत्या.

"कोंबड्या हायत म्हणून मी हाय हितं," ती म्हणाली. "त्या संपल्या की पोरगा मला पिशवीत घालून नेईल. नि तिकडं मी काय करू? खिडकीत बसू?"

खालच्या वाडीतला तो फोनवाला डुकरांसाठी फासक्या लावायचा. तो म्हणाला, गडग्यावर एक तार लावतो, विषय संपला. मी त्याला चांगलाच दम भरला. तारेच्या फासात अडकलेलं जनावर मी पाहिलेलं आहे. कंबरेत तार रुतून तीन दिवस जिवंत असतं ते. आणि मांजर मारून काय होतं? जागा रिकामी झाली की दुसरं येतं. मी आजीला शब्द दिला की तुमच्या कोंबड्याही राहतील आणि मांजरही राहील. त्या वयात माणूस असे शब्द देतो.

दोन दिवस खपून मी तिचं खुराडं दुरुस्त केलं. खाली जांभ्याचे चिरे बसवले, म्हणजे उकरून आत शिरायला नको. जाळी बारीक भोकांची लावली, कारण मोठ्या भोकातून ते पंजा घालून कोंबडीचा पाय ओढतं. दाराला फळी आणि फळीला बाहेरून खिट्टी. गडग्यालगतचं रान बेणून काढलं. दिवस मावळायच्या आधी कोंबड्या आत आणि सकाळी उन्हं आली की बाहेर, एवढं पाळलं की काम होतं. दुसऱ्या गावांत झालेलं मी बघितलं होतं. मोठ्या ऐटीत घरी गेलो.

आठवड्यात एक कोंबडी गेली. मग आणखी एक.

मी पुन्हा वर गेलो. खुराडं धड, खिट्टी धड. आजी म्हणे, मी कोंडते रं, रोज कोंडते. मला कळेना. म्हातारी विसरत असेल असं मनात आलं, पण वालाचे दाणे मोजून सांगणारी बाई विसरणाऱ्यातली नव्हती. शेवटी एके दिवशी दुपारीच जाऊन तिच्या पडवीत बसून राहिलो. बोलू नका म्हटलं. तिला ते फार जड गेलं. दिवसभरात कोणी बोलायला नसतं आणि आलेला माणूस बोलू नको म्हणतो.

उन्हं कलली. आजीनं चुचकारून कोंबड्या आत घेतल्या. चार आत गेल्या. तीन गेल्या नाहीत. परसवात फणसाच्या खालच्या फांदीवर एक कोंबडा चढून बसला होता, तांबडा, तुरा वाकडा, रुबाब असा की पाटील. आणि त्या तीन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, त्याच्या खाली लाकडांच्या राशीवर बसल्या. आजीनं त्यांना हाकललंच नाही. खिट्टी घातली आणि आत वळली. थोड्या वेळानं गडग्यावर काहीतरी हललं. मांजर आलं होतं. जराही घाई नाही. चार पावलं टाकायचं, थांबायचं, कान फिरवायचं. लाकडांच्या राशीकडं अशा ओळखीनं बघत होतं की मला हसू आलं. मी खाकरलो तसं ते गडग्यावरून पलीकडं उतरलं.

काखेत कळसा म्हणतात तो हा. मी आजीला विचारलं, हा कोंबडा बाहेर का? ती म्हणाली, तो देवाचा. शिमग्यानंतर गावची राखण होती. राखण म्हणजे गावाच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा मान. त्याच्यासाठी हा कोंबडा तिनं सोडला होता, आणि तिच्या सासूपासूनची रीत अशी की देवाला सोडलेला कोंबडा कोंडायचा नाही. तो बाहेर राहिला की तलंगा त्याच्या मागं बाहेर राहणार. फणसावर चढायची ताकद त्यांच्या पंखांत नाही, म्हणून त्या खाली राशीवर. मांजराला ताट वाढलेलं.

आजीचं म्हणणं, बग, देवाच्या कोंबड्याला त्यानं तोंड लावलं नाय. देव राखतोय त्याला. मी म्हटलं, देव त्याला राखतोय, पण तो तुमच्या कोंबड्या संपवतोय. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. सासूची रीत मोडली तर पाप, नाही मोडली तर नालासोपारा. सात उरल्या होत्या, कोंबडा धरून आठ.

आता मी मुसलमान माणूस, मला त्यात बोलायचा काय अधिकार? पण शब्द देऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन गावच्या गुरवाला गाठलं. गुरव म्हातारा, मितभाषी. मी सगळं सांगितलं. तो विडी पेटवत म्हणाला, माझ्या तोंडचं तिला चालणार नाय, देवाला विचारू. म्हणजे कौल लावायचा. देवाला फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आजीला मी आणि तो फासकीवाला दोघांनी धरून पाखाडी उतरवली. मी देवळाच्या पायरीखाली बूट काढून उभा राहिलो. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, की देवा, तुझा कोंबडा डोंगरातल्या जनावरापासून सांभाळायचा म्हणून ही बाय त्याला राखणीपर्यंत खुराड्यात ठेवायचं म्हणतेय, तुझी मर्जी काय ती सांग. मग आम्ही बघत बसलो. कळी पडेना. ना उजवी, ना डावी. माझ्या डोक्यात नाना विचार. सरकारी माणूस, अंगावर खाकी, आणि एका कळीकडं डोळे लावून उभा. वरिष्ठांनी बघितलं असतं तर काय लिहिलं असतं कोणास ठाऊक. एवढं मात्र खरं, की मी माझ्या अल्लाकडं त्यांच्या देवासाठी मागणं मागत होतो. तासाभरानं उजवी कळी पडली. आजीनं कपाळ जमिनीला टेकलं. गुरव म्हणाला, घरातल्या माणसालाही विचार करायला वेळ लागतो, मग देवाला नको?

त्या दिवसापासून कोंबडा आत, तलंगा आपसूक आत. एकही कोंबडी गेली नाही. मांजर यायचं सुटलं नाही, पण आता ते उडवीखालच्या उंदरांवर होतं. माझ्या नोकरीत मला शाबासकीची पत्रं दोन-तीन आली असतील, त्यांतलं एकही मला आठवत नाही. त्या सात कोंबड्या आणि एक कोंबडा मला रंगासकट आठवतात.

मग एक गंमत झाली. आजीला मांजराची सवय लागली. दिवस मावळताना ती पडवीत बसायची आणि ते गडग्यावरून जायचं. ती म्हणे, दिवसाकाठी दारावरून जाणारं ते एकटंच. एकदा तिनं त्याला बांगड्याची डोकी टाकली. मी रागावलो. रानच्या जनावराला खाऊ घालायचं नाही, ते माणसाला चटावतं आणि मग मार खातं. ती म्हणाली, "बरं, नाय टाकणार. नुसतं बगू तरी काय?" बघा म्हटलं. माझ्या फेरीत ती वाडी आठवड्यातनं एकदा यायची, मी दोनदा जायला लागलो. कोरा चहा प्यायचो. ती मांजराचं सांगायची, मी नाट्याच्या घरचं सांगायचो. माझी आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ते दोन दिवस सोडले तर मला आठवडाभर कोणी 'जेवलास काय' म्हणून विचारत नव्हतं. हे मी तेव्हा कोणाजवळ कबूल केलं नसतं.

आणि मग मी ते करून बसलो.

खालच्या वाडीतल्या कोणीतरी मोबाईलवर मजकूर फिरवला, वरच्या वाडीत वाघाचा वावर. तो दत्तारामापर्यंत पोचला आणि त्यानं माझा नंबर मिळवून फोन केला. घाबरलेला होता बिचारा. मी त्याला शांतपणे सगळं समजावलं. वाघ नाही, रानमांजर आहे, माणसाला काही करत नाही, कोंबड्या सुरक्षित आहेत. इथं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मला माझ्या कामाचा अभिमान चढला होता. त्याला धीर द्यायला म्हणून मी म्हटलं, तुम्ही काळजीच करू नका, मी आठवड्यातनं दोनदा वर जातोच. मागं एकदा आजी पाखाडीवर पडल्या, दोन तास तशाच बसून होत्या, तेव्हाही मीच वाटेनं येत होतो म्हणून बरं, मीच उचलून घरी नेलं.

मला वाटलं, फोन तुटला.

"आई कधी पडली?" त्यानं विचारलं.

तिनं त्याला सांगितलेलं नव्हतं. मलाही सांगू नकोस म्हणून म्हणाली नव्हती, कारण मी सांगेन असं तिच्या मनातच आलं नसेल. मी सारवासारव करायला गेलो, पण तो रडत होता. मोठा माणूस फोनवर रडतो तेव्हा त्याला काय सांगायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. चार दिवसांनी तो गाडी घेऊन आला.

मी गेलो तेव्हा पिशव्या भरून खळ्यात ठेवल्या होत्या. दत्तारामानं माझे हात धरले, साहेब, तुमचे उपकार कसे फेडू म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. कोंबड्या खालच्या वाडीत वाटल्या होत्या, फासकीवाल्यानं तीन घेतल्या. देवाचा कोंबडा गुरवाकडं पोचवला होता. कोंबड्या कोण बघणार हा प्रश्न तिनं या वेळी विचारलाच नाही. मांजरानं कोंबड्या संपवल्या असत्या तरी एखादं वर्ष तिनं दुसरं काही निमित्त काढून रेटलं असतं, एवढी ती खमकी होती. माझ्या बोलण्यावर मात्र तिच्याकडं उत्तर नव्हतं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू काय वाईट केलंस? मुलाला आईचं सांगितलंस." मग म्हणाली, "पण तुझं काम जनावराचं होतं रं. माणसाचं तू कशाला बोललास?"

गाडीपर्यंत तिला दत्तारामानं पाठीवर घेतलं. पाखाडी उतरेपर्यंत तिची मान मागं होती.

नंतरही ती वाडी माझ्या फेरीत होती. अकरा कुलपं. उडवी कोणीतरी गुरांसाठी उचलून नेली. घरात भात नाही म्हणून उंदीर नाहीत, उंदीर नाहीत म्हणून गडग्यावर कोणी नाही. ही गोष्ट आम्हाला प्रशिक्षणात शिकवली नव्हती, की माणूस उठून गेला की त्याच्या सोबतीनं राहणारं रानसुद्धा उठून जातं. आता गवत वाढलेलं, वाट बुजलेली आणि पाऊल कुठंच नाही. मी दोन पावसाळे तिथं ओल बघत फिरलो.

यथावकाश मी निवृत्त झालो. बायको गेली, दोन्ही मुलगे भावांच्या मागं आखातात गेले, मुलगी सासरी. नाट्याच्या घरात मी आहे आणि बंदरावरचा आवाज आहे. मुलं बोलावतात. मी म्हणतो, घर कोण बघणार?

रविवारी सकाळी मात्र फोन येतो. भागीआजीची नात लावून देते आणि मग पलीकडून आजीचा आवाज. जेवलास काय, हा पहिला प्रश्न, सकाळचे नऊ वाजलेले असले तरी. दुसरा प्रश्न ठरलेला: येतंय काय रं ते? मी निवृत्त झालो, तिथून इतका लांब राहतो, हे तिला मी सांगितलेलं नाही. मी म्हणतो, येतंय की. कालच दिसलं. तुमच्या पडवीकडं बघत होतं. ती हं म्हणते. वर्षानुवर्षं मी हेच सांगत आलो.

मागच्या महिन्यात ती एकदम म्हणाली, "खोटं बोलतोस तू. कोंबडी नाय, भात नाय, उंदीर नाय. कशाला येईल ते?"

माझी जीभ जड झाली. इतकी वर्षं जी नको तिथं चालली, ती नेमकी तेव्हा चालेना. मी नुसताच फोन धरून बसलो. तिकडं कोणाचा तरी टीव्ही चालू होता.

"बोल की," ती म्हणाली. "बोलायचा कशाला थांबलास? मला बरं वाटतं ऐकायला."

मग मी तिला सांगितलं की त्याला पिल्लं झालीत, दोन. तुमच्या परसवातल्या लाकडांच्या राशीखाली.

"रंग कसा?" तिनं विचारलं.

मी सांगायला लागलो.